पैसे खाल्ले, तरी प्रभुभोजन?

शरणपूरकर
काल इथे एकाने लिहिलं, "चर्चच्या मंडळीचे पैसे खाल्लेल्या माजी खजिनदाराला पुन्हा प्रभुभोजन, येशूच्या आठवणीतली भाकर-द्राक्षरस! दयेच्या नावाखाली शिस्तीची वाट लावली." डोकंच फिरलं. बायबलातल्या मत्तय 18 मधलं 'त्याला जकातदारासारखा माना', म्हणजे बाहेरचा समजा, तेवढं सगळ्यांना पाठ. पाच वचनं पुढे पेत्राला 'साताच्या सत्तर वेळा' क्षमा करायला सांगितलंय, तिथे पान उलटतं. आणि मत्तय स्वतः कोण होता हो? जकातदारच ना! माणसाने भर मंडळीत कबूल केलं, हप्त्याने फेडतोय. आता गोदाघाटावर उठाबशा काढायला लावायच्या का?

खडूस देवळालीकर
बायबलातल्या जक्कय जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत केलं. यांनी मुद्दलाचं निम्मंही नाही. ते पैसे छपराचे होते, त्यात माझ्या आईच्या पेन्शनमधले होते. पावसाळ्यात आजही ती दुसऱ्या बाकाखाली बादली सरकवते, मग प्रार्थनेला बसते. तुमचं काय जातंय दया करायला?

शरणपूरकर
येशू जक्कयाच्या घरी आधी उतरला. चौपटीचं नंतर निघालं. लूक 19 नीट वाचा.

गोदाकाठ
गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं आपल्या शरणपुरात, नाशिकच्या या ख्रिस्ती वस्तीत, वाढली. नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. दयेवर उभी राहिलेली वस्ती आहे ही.

खडूस देवळालीकर
झालं, शरणपूर आलंच! त्या मुलांनी कोणाचे पैसे खाल्ले होते?

नाशिकरोडची मावशी
खजिनदाराचं सोडा. मंडळीच्या सुगीच्या सणाला लिलावात अकराशेला गावठी कोंबडा घेऊन, टाळ्या घेऊन पैसे न देणारे कुठे गेले? वही माझ्याकडे आहे. नावं टाकू?

द्राक्षबागवाला
मावशी, रोख माझ्यावर आहे ते कळलं. कोंबडा आजारी होता, दोन दिवसांत मेला.

नाशिकरोडची मावशी
मेला की रस्सा झाला? तुझ्याच बायकोने वाडग्यात आणून दिला होता मला!

खडूस देवळालीकर
हे बघा, वाडगाभर रश्श्यावर मावशी गप्प. असंच चालतं सगळं.

नाशिकरोडची मावशी
गप्प कोण? दर रविवारी दारात अडवते त्याला. प्रभुभोजन मात्र कधी अडवलं नाही, ती पंगत माझी नव्हे.

खडूस देवळालीकर
बरं बुवा, येऊ दे तुमच्या खजिनदाराला. पण दानपेटीची किल्ली परत त्याच्या हाती गेली तर मी पाळकसाहेबांच्या दारात बसेन.

शरणपूरकर
किल्ली द्या म्हणालं कोण? मीसुद्धा देणार नाही.

द्राक्षबागवाला
मावशी, अकराशे की नऊशे? नीट बघा वहीत.