जुन्या मॉन्स्टर ७९५ चे टायमिंग बेल्ट कधी बदलायचे?

पुणेरी_ट्विन
मंडळी मदत हवीये. २०१२ ची डुकाटी मॉन्स्टर ७९५ सेकंड हँड घेतलीये, मी तिसरा मालक, रनिंग चौदा हजारच्या आसपास. आधीचा मालक म्हणतो टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणारे रबरी पट्टे) मागे एकदा बदललेत, पण बिल नाही आणि सर्व्हिस बुकात पण काही नोंद नाही. गॅरेजवाल्या दादांनी एका बाजूचं कव्हर काढून टॉर्च मारून बघितलं, म्हणाले रबर मऊ आहे, भेगा नाहीत, बिनधास्त चालवा, चोवीस हजारला बघू. दिवाळीनंतर आंबोलीमार्गे गोव्याला जायचंय. आधी पल्सर होती, तिला टायमिंग चेन, आवाज यायला लागला की कळायचं चेन नाहीतर टेन्शनर (ती ताणून ठेवणारा पार्ट) गेलाय. इथे तसं काही कळतं का? की किलोमीटर होईपर्यंत थांबू?

घाटवाला_नाशिक
कळत नाही, हाच तर मुद्दा आहे. चेन ढिली झाली की आधी खडखडते, बेल्ट मात्र शेवटपर्यंत गप्प असतो आणि एकदा दात उडाले की संपलं. हे इंजिन असं आहे की व्हॉल्व्ह आणि पिस्टनचं टायमिंग चुकलं तर दोघं एकमेकांवर आपटतात. आणि दोन सिलेंडरला दोन वेगळे बेल्ट, त्यामुळे एकाचा तुटला तरी दुसरा सिलेंडर क्रँक फिरवत राहतो, मागचं चाक पण फिरवतं, म्हणजे तू क्लच दाबेपर्यंत पिस्टन त्या उघड्या व्हॉल्व्हवर कितीतरी वेळा आदळलेला असतो. मग हेड उतरवा, व्हॉल्व्ह मागवा, गाइड बघा, पिस्टन बघा. त्या खर्चापुढे बेल्टचा सेट काहीच नाही.

किलोमीटरचा हिशोब सोडून दे, तुझ्या गाडीला वयाचा हिशोब लागू होतो. मॅन्युअलमध्ये किमी आणि वर्षं दोन्ही दिलेले असतात, जे आधी येईल ते. जुन्या टू-व्हॉल्व्ह (दर सिलेंडरला दोन व्हॉल्व्ह) गाड्यांना बरीच वर्षं दोनच वर्षांची मुदत सांगायचे, नंतरच्या मॉडेल्सना पाच वर्षं आली. तुझ्या बुकलेटमध्ये यातलं काहीही असलं तरी बिल नसलेल्या २०१२ च्या गाडीला उत्तर एकच, बदललेलेच नाहीत असं धर आणि गोव्याच्या आधी बदल.

रेड_डेस्मो
इतकं पण घाबरवू नका हो. मी सात-आठ वर्षं जुने बेल्ट काढलेले हातात घेऊन बघितलेत, एकदम व्यवस्थित होते. गाडी रोज चालते, गॅरेजमध्ये सावलीत असते, तर थोडं मागेपुढे चालतं. ज्यांचे पार्ट यायला महिने लागतात त्यांनी काय गाडी उभीच करून ठेवायची का?

घाटवाला_नाशिक
@रेड_डेस्मो बाहेरून व्यवस्थित दिसतात हे मान्य, पण बेल्टची ताकद वरच्या रबरात नसून आतल्या दोऱ्यांत असते, आणि त्या टॉर्च मारून दिसत नाहीत. शिवाय रोज चालणाऱ्या गाडीचं ठीक आहे, ह्याच्या गाडीचं रनिंग बघा ना, इतक्या वर्षांत चौदा हजार म्हणजे बराच काळ उभीच होती. उभ्या गाडीत बेल्ट पुलीवर त्याच जागी वाकलेला राहतो, तिथे त्याला कायमचा बाक येतो. त्यामुळे कमी रनिंग ऐकून खूश व्हायचं कारण नाही, उलट जास्त सावध व्हायला पाहिजे.

डुकाटीने १९७९ च्या सुमारास पँटा ५०० ह्या मॉडेलला बेल्ट आणले, त्याआधी त्या कामाला बेव्हल (तिरके) गिअर आणि शाफ्ट असायचे, त्यांची शिमिंग (पातळ चकत्या घालून गॅप जुळवणं) म्हणजे कसबी माणसाचं काम. बेल्ट आले आणि इंजिन बनवायला सोपं झालं, आवाज कमी झाला, पण ती मुळातच ठराविक काळाने टाकून द्यायची वस्तू आहे. ऑइल बदलताना आपण जुनं ऑइल अजून चांगलं दिसतंय म्हणून ठेवतो का?

स्पॅनर_कोल्हापूर
बदलायचं ठरलं असेल तर कामाचं सांगतो, हात लावण्याआधी वर्कशॉप मॅन्युअल मिळव. एअर-कूल्ड मॉन्स्टर त्यातल्या त्यात सोपी, कव्हर काढलं की बेल्ट समोर. दोन्ही स्पार्क प्लग काढ, सहावा गिअर टाक आणि पॅडॉक स्टँडवर मागचं चाक पुढच्याच दिशेने हाताने फिरवत टायमिंगच्या खुणा जुळव. पुली आणि बेल्टवर पेंट मार्करने स्वतःच्या खुणा पण कर. स्टार्टर अजिबात मारायचा नाही. नवीन बेल्ट घडी घालून, पिळून किंवा स्क्रू ड्रायव्हरने ढकलून बसवायचा नाही, आतल्या दोऱ्या तिथेच मोडतात.

खरं काम टेन्शनचं आहे. ढिला राहिला तर दात सुटेल, जास्त ताणला तर बेअरिंग जातील. इंजिन थंड असताना बेल्ट बोटाने छेडायचा आणि फोनमधल्या ॲपवर त्या आवाजाचे हर्ट्झ बघायचे, आकडा आपल्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्यायचा, दुसऱ्या मॉडेलचा नेटवर बघून नाही. टू-व्हॉल्व्हवाले ॲलन कीने पण बघतात, बेल्ट आणि रोलरमधून ५ एमएमची जाते आणि ६ ची जात नाही, पण माझ्या मते तो नुसता अंदाज आहे. सगळं झाल्यावर हाताने इंजिन दोन-चार फेरे फिरवून खुणा परत बघ, कुठे अडकलं तर जोर लावू नको.

आणि कव्हर उघडलंच आहे तर आत ऑइल ओलसर दिसतंय का बघ, कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचा) सील गळत असेल तर नवीन बेल्टची पण वाट लागेल.

पुणेरी_ट्विन
खूप आभार सगळ्यांचे. ठरलं, दोन्ही बेल्ट आजच ऑर्डर करतो आणि येईपर्यंत गाडी चालवत नाही. टेन्शनरचे रोलर पण बदलू का? आणि व्हॉल्व्हचं काय?

स्पॅनर_कोल्हापूर
बेल्ट काढल्यावर रोलर हाताने फिरव, खरखर लागली किंवा हलला तर नवीन. पण तुझ्या गाडीचा इतिहासच माहीत नाही, मी तुझ्या जागी असतो तर विचार न करता बदलले असते. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळचा गॅप) तपासायची मुदत १२ हजार किमीची असते, तीही नोंद नाही म्हणतोस, तर त्याच खेपेला उरकून घे, आणि ते काम डेस्मो (डुकाटीची व्हॉल्व्ह चालवायची पद्धत) माहीत असलेल्या माणसाकडेच दे, ह्यात व्हॉल्व्ह बंद करायला पण रॉकर (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) असतो, दोन्ही बाजूंचे गॅप बघावे लागतात. बेल्ट घेताना तो दुकानात किती वर्षं पडून आहे तेवढं मात्र विचार.