नोकरी लागली तरी 'बाबा बघतात': ही सवय कधी सुटायला हवी?

जमाखर्च:
पंचविशी ओलांडलेल्या, चांगल्या पगाराच्या मुलामुलींना विचारा: तुझ्या नावावर एफडी किती, पॉलिसी कुठली, रिटर्न कोण भरतं? "बाबा बघतात." माझ्या मते नोकरीच्या पहिल्या वर्षातच हे थांबायला हवं. बाबांवर विश्वास आहे की नाही हा मुद्दाच नाही. कायद्याने जबाबदारी मुलाची आणि सगळी माहिती मात्र दुसऱ्याकडे, ही खरी अडचण आहे.

साधं उदाहरण घ्या. वडील सज्ञान मुलाच्या नावावर ५ लाखांची एफडी करतात. ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ३५,०००. व्याज ५०,०००च्या आत, म्हणून बँक टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा कर) कापत नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. रिटर्नमध्ये ते दाखवायचं राहून जातं, पण आयकर पोर्टलवरच्या एआयएसमध्ये, म्हणजे वर्षभराच्या उत्पन्न-व्यवहारांच्या यादीत, त्याची नोंद असते. विचारणा येते मुलाच्या पॅनवर, आणि तिथे नोंदवलेला ईमेल असतो वडिलांच्या ओळखीतल्या सीएचा.

सह्यकडा:
अजिबात पटलं नाही. बाविसाव्या वर्षी हातात पगार आणि मोबाइलवर चार ॲपं आली म्हणजे अक्कल आली असं नव्हे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये आकडे दिले होते. तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे वायद्याच्या सौद्यांत) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त.

क्रेडिट कार्डाचंही तेच. ४०,००० थकबाकी, महिना ३.५ टक्के व्याज म्हणजे १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. "मिनिमम भरलं की झालं" म्हणून २,००० भरले, तर मुद्दलातून फिटले फक्त ३४८. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवसही जातात. ही पोरं पैसे वडिलांकडे देत असतील तर ते बालिशपण कसं? "मला सगळं कळतं" हा तोरा आधी सुटू दे.

जमाखर्च:
कार्डाचा हिशेब अगदी बरोबर मांडलात. पण वडिलांच्या हातून चुका होतच नाहीत का? मार्च आला की ओळखीच्या एजंटकडून एंडोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र असलेली) घेतली जाते. हप्ता वर्षाला ५०,०००, मुदत २० वर्षं, विमा जेमतेम १० लाखांचा. कारण काय, तर "८०सी", म्हणजे अशा हप्त्यांवर करात वजावट देणारं कलम. आता वेगळं काही निवडलं नाही तर नवी करप्रणालीच लागू होते, तिच्यात ८०सीची वजावट मिळत नाही. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, पण मुलाने ती उघडून वाचली तर ना! पुढे सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच मोडली, तर सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्यातलं बरंच जातं. हप्ते बंद करून पेड-अप (कमी झालेल्या विमा रकमेवर चालू) ठेवायची की सरेंडर करायची, याचा हिशेब कंपनीकडून लेखी मागून मगच ठरवावं.

मोरपंखी:
तुम्ही दोघंही मुलांबद्दलच बोलताय. मुलींच्या बाबतीत "बाबा बघतात"चं लग्नानंतर "हे बघतात" होतं, आणि मधे एक दिवसही पासबुक तिच्या हातात येत नाही. नुकसान कुठे होतं तेही सांगते. लग्नानंतर पीएफचं नॉमिनेशन नव्याने भरावं लागतं, ते राहून जातं. आधारवर सासरचं नाव आणि पॅन, बँक, पीएफ या तिन्हींवर माहेरचं, असं असेल तर नोकरी बदलताना पीएफचा क्लेम नाव जुळत नाही म्हणून परत येतो. नाव बदलायचं तर चारही ठिकाणी बदला, नाहीतर कुठेच बदलू नका. दोन्ही मार्ग कायदेशीर आहेत.

सह्यकडा:
मोरपंखी ताई, हा मुद्दा मान्य. पण घरात हे काढायचं कसं? "माझे कागद द्या" म्हटलं की वडिलांना वाटतं, पोराला आपला संशय आला. आयुष्यभर पै पै जोडणाऱ्या माणसाला ते फार लागतं.

मोरपंखी:
म्हणून कागद मागायचे नाहीत, शेजारी बसायचं. जुलैमध्ये रिटर्न भरताना बाबांनाच म्हणायचं, "या वेळी मी टाइप करतो, तुम्ही सांगा." लॉगिन, एआयएस, एफडीच्या पावत्या, सगळं त्या एका बैठकीत समोर येतं. त्याआधी एक काम मात्र उरकून ठेवा: आधारला वडिलांचा मोबाइल जोडलेला असेल तर तिथे स्वतःचा घाला. रिटर्नचं ई-व्हेरिफिकेशन आणि पीएफच्या ई-नॉमिनेशनची सही, दोन्ही त्याच ओटीपीवर होतात. बाबा गावी आणि ओटीपी त्यांच्या फोनवर, की काम तिथेच अडलं.

सह्यकडा:
हे जमेल. तरी पहिली दोन वर्षं मोठी रक्कम हलवण्याआधी वडिलांना विचारावं, एवढं माझं म्हणणं कायम.