घरच्या नेटचा स्पीड रोज मोजावा का?

मुलुंडकर:
१०० एमबीपीएसचे पैसे भरतो, तर तेवढा स्पीड मिळतोय का हे बघायलाच हवं. आमच्या बिल्डिंगमध्ये रात्री नऊनंतर नेट रडायला लागतं. केबलवाल्याला फोन केला की ठरलेलं उत्तर, "साहेब, राउटर बंद करून चालू करा." हातात नोंदी असल्या की त्याला टोलवाटोलवी करता येत नाही. ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, मायस्पीड अ‍ॅप फुकट आहे, वापरा. आणि घरात कोणाचा फोन किती डेटा खातो तेही राउटरच्या पानावर बघा.

गिरगावची:
मला नाही पटत. मोबाइलवर वायफायने घेतलेली टेस्ट लाइनइतकीच तुमच्या भिंतींचीही असते. आमच्या चाळीत वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर अख्ख्या मजल्याची वायफाय दिसतात आणि एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यात आलेला आकडा दाखवून केबलवाल्याच्या पोराला कशाला झापायचं?

मुलुंडकर:
अहो, म्हणूनच लॅपटॉपला लॅन केबल लावून मोजायचं, एकदा सकाळी, एकदा रात्री दहाला. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर ९४ आले म्हणजे पूर्ण स्पीड, थोडा डेटा पाठवण्याच्या व्यवस्थेतच जातो. सकाळी ९४ आणि रात्री १८ आले तर भिंतीला काय दोष देणार?

वडाळावासी:
बरोबर, पण टेस्टचा सर्व्हर अनेकदा कंपनीच्याच नेटवर्कमधला निवडला जातो, तिथे आकडा छानच येणार. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं, तोही आकडा घ्या. दर तासाला मात्र टेस्ट लावू नका. १०० एमबीपीएसवर दहा सेकंद म्हणजे सव्वाशे एमबी, दिवसाचे ३ जीबी नुसते मोजण्यात जातात.

गिरगावची:
डेटाचं सोडा. महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असली तरी रोजचे ११० जीबी होतात, साध्या घरात संपत नाहीत. माझा खरा विरोध कोणाच्या फोनने किती खाल्लं हे राउटरवर बघण्याला आहे. आज जीबी बघाल, उद्या सासऱ्यांना विचाराल, रात्री एक वाजता काय बघत होतात?

वडाळावासी:
ताई, राउटरच्या त्या पानावर बहुधा फक्त वापर दिसतो. आमच्याकडे तो बघितला म्हणून तर सापडलं, दारावरचा सीसीटीव्ही दिवसरात्र क्लाउडवर अपलोड करत होता. अपलोड भरला की मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. कॅमेऱ्याची क्वालिटी उतरवली, आवाज सुधारला.

गिरगावची:
कॅमेऱ्याचं मान्य. पण घरातल्या प्रत्येकाला आधी सांगा आणि मगच ते पान उघडा. न सांगता बघणं मला चोरूनच वाटतं, मग भले त्यात आकड्यांशिवाय काही नसो.

मुलुंडकर:
सांगायला माझी हरकत नाही. मोजणं मात्र मी सोडणार नाही.