डाक दिल्यावर धुणं टाळू नका

भाऊ, फवारणी पंपाच्या पितळी टाकीला डाक दिला, म्हणजे कथील वितळवून जोड लावला, आणि पंधरा दिवसांत जोडाभोवती हिरवं चढलं, असं तुम्ही लिहिलंय. डाक चांगलाच असणार, धुणं राहिलं. डाक नीट धरावा म्हणून फ्लक्स लावतात; त्यासाठी जस्त विरघळवलेलं तेजाब (आम्ल) किंवा नवसागर वापरला की मागे क्षार उरतो. तो हवेतली ओल ओढतो आणि धातू खात बसतो. आमच्याकडे उन्हाळ्यात काहीच दिसत नाही, मृग लागला की पाझर सुरू. माझ्या एका टाकीला असंच सुईएवढं भोक पडलं होतं, ऐन कपाशीच्या फवारणीत.

जोड थंड झाला की लगेच गरम पाण्याने, जुन्या दातांच्या ब्रशने घासा. पांढरी पापडी पाण्याने निघत नसेल तर आधी लिंबाचा रस चोळा. मग लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून धुवा. बारीक फेस येईल, तो थांबेपर्यंत. शेवटी साधं पाणी आणि कडक ऊन. टाकीच्या आतली बाजूही धुवा, तीच हमखास राहते.

तेजाबाऐवजी राळेचा फ्लक्स असेल तर पाणी चालत नाही, तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. आणि मोटरच्या स्टार्टरमधल्या सर्किटला हे तेजाब कधीच लावू नका, फटीत शिरलेलं निघत नाही.