सहीच्या आधी मागची बाजू बघा

अमेरिकेत नेण्यासाठी कोल्हापूरकडचं १९१५ च्या सुमाराचं जलरंगातलं निसर्गचित्र लिलावात घ्यावं का, असा प्रश्न इथे एकाने विचारला आहे आणि त्यावरची सगळी चर्चा चित्रकाराच्या सहीवरच अडकली आहे. सही नंतरही टाकता येते हो! कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (निधन १९३१) यांच्यासारख्या नावाला मागणी आहे, म्हणून तर जास्त सावध राहायचं.

चित्र फ्रेमबाहेर काढून दाखवायला सांगा. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली कडेची पट्टी बघा. तिथलं आकाश अजून निळं आणि मधलं राखाडी दिसत असेल, तर उन्हाने रंग उडालेत, आणि ते परत येत नाहीत. कागदावरचे तपकिरी डाग मात्र चांगला संवर्धक (जुन्या चित्रांची दुरुस्ती-जपणूक करणारा) बऱ्याच अंशी कमी करू शकतो. मागची जुनी लेबलं, फ्रेमवाल्याचा शिक्का, प्रदर्शनाची चिठ्ठी यांचे फोटो मागून घ्या. मला विचाराल तर सहीपेक्षा ही चिठ्ठी जास्त बोलते.

पैशांचं एवढंच, की हातोडा पडतो त्या शेवटच्या बोलीच्या आकड्यावर बायर्स प्रीमियम (लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते कमिशन) आणि कर चढतो. ते धरूनच बोलीची मर्यादा ठरवा.

सगळ्यात महत्त्वाचं कुणीच लिहिलं नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं चित्र पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. १९१५ चं चित्र त्यात बसतं. लिलाव मुंबईत असेल, तर चित्र भारतातल्याच घरात लावायचं असेल तरच बोली लावा.