फॉक्सप्रोची ईएक्सई आपल्या मशीनवर चालते, अडतीवर नाही: सेटअपमध्ये नेमकं काय टाकायचं?

मारबत_कोडर:
व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ (मायक्रोसॉफ्टची डेटाबेस प्रोग्रॅमिंगची जुनी भाषा) मध्ये अडतीचा प्रोग्रॅम आहे: आवक, हमाली-तोलाई, शेतकऱ्याची पट्टी, उधारी. ईएक्सई (थेट चालवायची प्रोग्रॅम फाइल) बिल्ड होते, एरर एकही नाही. नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या तीन दुकानांत टाकायची आहे, मशीन विंडोज १० आणि ११. प्रत्येक ठिकाणी वेगळंच होऊन राहिलं. पहिल्यावर ‘सपोर्ट लायब्ररी सापडत नाही’. नेटवरून व्हीएफपी९आर ही डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी मदतनीस फाइल) उतरवून टाकली तर ‘रिसोर्स फाइल व्हर्जन मिसमॅच’. दुसऱ्यावर स्क्रीन चमकते आणि बंद. तिसऱ्यावर सगळं दिसतं, पण सेव्ह करताना टेबल रीड-ओन्ली. रनटाइमच्या (फॉक्सप्रो नसलेल्या मशीनवर ईएक्सई चालायला लागणाऱ्या) फाइली कोणत्या द्यायच्या, आणि सेटअप इन्स्टॉलशील्डने बांधू की इनो सेटअपने?

बर्डी_फॉक्स:
भाऊ, तिन्ही रोग वेगवेगळे आहेत.

रनटाइमच्या फाइली तीन: व्हीएफपी९आर, व्हीएफपी९आरईएनयू आणि एमएसव्हीसीआर७१. तिन्ही ईएक्सईच्याच फोल्डरमध्ये ठेवल्या तरी चालतं, सिस्टम फोल्डरमध्ये घुसवायची गरज नाही. व्हीएफपी९टी फक्त मल्टिथ्रेडेड कॉम सर्व्हरसाठी, तुम्हाला नको. पहिल्या दोन फाइली एकाच बिल्डच्या हव्यात. सर्व्हिस पॅक २ चं बिल्ड ५८१५, त्यानंतरच्या हॉटफिक्सचं ७४२३. एक इथून, एक तिथून घेतली की मिसमॅच ठरलेलाच. नेटवरून डीएलएल उतरवणं बंद करा. ज्या मशीनवर ईएक्सई बिल्ड केली तिथल्याच कॉमन फाइल्समधल्या, मायक्रोसॉफ्ट शेअर्डखालच्या व्हीएफपी फोल्डरमधून उचला. रनटाइम वाटायला रॉयल्टी नाही.

चमकून बंद होतं कारण मेन प्रोग्रॅममध्ये डू फॉर्मनंतर रीड इव्हेंट्स (युजरच्या क्लिकची वाट बघत थांबायची कमांड) नाही. डेव्हलपमेंटमध्ये कमांड विंडो फॉर्मला जिवंत ठेवते, ईएक्सईत मेन प्रोग्रॅम संपला की सगळंच संपतं. बाहेर पडताना ती वाट संपवणारं क्लिअर इव्हेंट्स द्या, आणि ऑन शटडाउन (बंद करताना काय करायचं ते सांगणारी कमांड) लावा. नाहीतर खिडकीच्या फुलीवर टिचकी मारली की ‘कॅनॉट क्विट व्हिज्युअल फॉक्सप्रो’.

संत्रा_डीबीएफ:
तिसरा रोग: प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये डीबीएफ (डेटाच्या टेबलची फाइल) ‘इन्क्लूड’ झाली आहे. इन्क्लूड केलेली टेबल ईएक्सईच्या पोटात जाते आणि तिथे ती फक्त वाचता येते. राइट-क्लिक करून ‘एक्स्क्लूड’ करा. ईएक्सईत फॉर्म, प्रोग्रॅम, क्लास, रिपोर्ट एवढंच जाऊ द्या.

आणि एक जागा जिथे बहुतेक जण फसतात. टूल्स-ऑप्शन्समध्ये टिकमार्क करून ठेवलेल्या सेटिंग तुमच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) बसतात, ईएक्सईबरोबर जात नाहीत. म्हणून गिऱ्हाइकाकडे तारीख अमेरिकन पद्धतीने छापली जाते, डिलीट केलेल्या पावत्या पुन्हा दिसतात, आणि दुसऱ्या मशीनवरून टेबल उघडतच नाही, कारण एक्स्क्लूझिव्ह मूळचं ऑन असतं. सेट डेट ब्रिटिश, सेट सेंच्युरी ऑन, सेट डिलीटेड ऑन, सेट एक्स्क्लूझिव्ह ऑफ हे कोडमध्येच लिहा. फॉर्म प्रायव्हेट डेटा सेशनचा (स्वतःच्या वेगळ्या सेटिंग घेऊन चालणारा) असेल तर त्याच्या लोडमध्ये पुन्हा लिहा. हे चारही त्या-त्या सेशनपुरतेच.

सेटअपला इनो सेटअप घ्या. फुकट आहे आणि स्क्रिप्ट साधी टेक्स्ट फाइल असते. ईएक्सई आणि रनटाइम प्रोग्रॅम फाइल्समध्ये, डीबीएफ-सीडीएक्स-एफपीटी (टेबल, इंडेक्स आणि मेमोच्या फाइली) प्रोग्रॅम डेटामध्ये, त्या फोल्डरला ‘युजर्स-मॉडिफाय’ परवानगी. डेटाच्या फाइलींना ‘ओन्ली-इफ-डझन्ट-एक्झिस्ट’ (आधीच असेल तर बदलू नको) आणि ‘अनइन्स-नेव्हर-अनइन्स्टॉल’ (प्रोग्रॅम काढताना पुसू नको) हे दोन्ही फ्लॅग लावाच. नाहीतर पुढचं अपडेट टाकलं की दुकानदाराची वर्षभराची उधारी तुमच्या कोऱ्या टेबलखाली गडप. (त्याला नाही, पण त्याच्या गिऱ्हाइकाला ते नक्कीच आवडेल.)

मारबत_कोडर:
एक्स्क्लूड केलं, रीड इव्हेंट्स घातलं, चालू झालं. पण टेबल प्रोग्रॅम फाइल्समध्येच राहिल्या होत्या. एकाच मशीनवर मालकाच्या लॉगिनला एक शिल्लक दिसते आणि मुनीमजींच्या लॉगिनला दुसरी. असं कसं?

संत्रा_डीबीएफ:
व्हर्च्युअल स्टोअर. ३२ बिट ईएक्सईत मॅनिफेस्ट (ईएक्सईला कोणत्या परवानग्या हव्यात ते विंडोजला सांगणारी माहिती) नसेल तर विंडोज प्रोग्रॅम फाइल्समधलं लिखाण गुपचूप त्या-त्या युजरच्या अॅपडेटा-लोकलमधल्या व्हर्च्युअल स्टोअरमध्ये वळवतं. प्रत्येकाची वही वेगळी. मॅनिफेस्ट असता तर निदान थेट नकार मिळाला असता. दोन्ही प्रती आधी बाजूला काढा, नोंदी जुळवा, मग डेटा हलवा.

वऱ्हाडी_इंडेक्स:
रिपोर्टचं कोणी बोललं नाही. रिपोर्ट बिहेव्हिअर ९० (फॉक्सप्रो ९ ची नवी रिपोर्ट पद्धत) असेल तर रिपोर्टप्रिव्ह्यू आणि रिपोर्टआउटपुट या दोन एपीपी फाइली सोबत द्याव्या लागतात. जुन्या एफआरएक्समध्ये (रिपोर्टच्या फाइलीत) तुमच्या प्रिंटरची माहिती साठलेली असते. एफआरएक्स टेबलसारखी उघडून पहिल्या रेकॉर्डची टॅग आणि टॅग२ ही फील्ड रिकामी करा, एक्सप्र फील्डमधून प्रिंटरच्या ओळी काढून फक्त ओरिएंटेशन ठेवा. नाहीतर पट्टी भलत्याच मापात निघते.

फॉक्सप्रोला युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची एकच अक्षर-संकेत पद्धत) नाही. शेतकऱ्यांची नावं कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतील तर तो फॉन्टही सेटअपनेच बसवा (परवाना बघून), आणि त्या फील्डला नो-सीपी-ट्रान्स (अक्षरं रूपांतरित करू नको) लावा, नाहीतर कोडपेज (अक्षरांचा संकेत-तक्ता) बदलताना अक्षरं फुटतात.

मारबत_कोडर:
एका अडतीवर चार मशीन आहेत. ईएक्सई सर्व्हरच्या शेअरवरूनच (सामायिक फोल्डरवरूनच) सगळ्यांनी चालवली तर? अपडेट एकाच जागी.

बर्डी_फॉक्स:
चालेल, पण कोणीतरी प्रोग्रॅम उघडा ठेवून जेवायला जातं आणि ईएक्सई बदलता येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक मशीनवर छोटा लाँचर ठेवा. तो एगेटफाइलव्हर्जनने (फाइलचा व्हर्जन नंबर वाचणाऱ्या फंक्शनने) शेअरवरची आणि लोकल ईएक्सई ताडून बघतो, जुनी असेल तर कॉपी करून चालवतो. मात्र मग लोकल ईएक्सई प्रोग्रॅम फाइल्समध्ये नको, साध्या युजरला तिथे कॉपी करता येणार नाही; अॅपडेटा-लोकलमध्ये ठेवा. बिल्ड करताना व्हर्जन नंबर वाढवायला विसरलात तर लाँचर ढिम्म हलणार नाही.

वऱ्हाडी_इंडेक्स:
नेटवर्कवर सीडीएक्स कधीतरी बिघडणारच, तेव्हा दुरुस्तीचा मेनू आधीच देऊन ठेवा. त्यात नुसतं रीइंडेक्स नको, ते बिघडलेल्या सीडीएक्सच्याच व्याख्या वाचतं. टेबल एक्स्क्लूझिव्ह उघडून डिलीट टॅग ऑल करा आणि इंडेक्स ऑनने प्रत्येक टॅग नव्याने बांधा. त्याआधी डीबीएफ आणि एफपीटीचा आकारही बघा, कोणतीही एक २ जीबीला टेकली की इंडेक्स नवा करून उपयोग नाही.