नियामकाने लोकांत यायलाच हवं

अणुकेंद्रांना परवाने देणारं आणि त्यांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारं नियामक मंडळ अणुक्षेत्रातल्या व्यावसायिक संघटनेसोबत शाळांत जाऊ लागलं तर ते अणुऊर्जेचं प्रचारक ठरेल, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळावर किरणोत्सार-सुरक्षेबाबत लोकांना माहिती देण्याचीही जबाबदारी आहे. संघटनेने विज्ञान समजवावं, परवान्यांवर मंडळानेच बोलावं, एवढी सीमा मात्र हवी.

आमच्या दक्षिण गोव्यातल्या काणकोणात शेजारच्या कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्राचा विषय निघाला की पहिला प्रश्न मासळीचा. कैगाच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळेत पाणी, दूध, मासे तपासले जातात. केंद्रामुळे सामान्य माणसाला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेवर वर्षाला १ मिलिसिव्हर्टची (मिलिसिव्हर्ट हे ती मात्रा मोजण्याचं एकक) मर्यादा आहे. बांगड्याचे कल्ले उघडून ताजेपणा दाखवणाऱ्या बाईला हे कोकणीत सांगायला मंडळ आणि संघटना दोघांनी मिळून बाजारात यावं, आणि तपासणीचे आकडेही सोबत आणावेत.